पहिली गाडी, तीही जुनी : वाचकांचे प्रश्न

पहिलीच मोटारसायकल आणि तीही वापरलेली घ्यायची, असं ठरवलेल्या वाचकांचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. मिळतेजुळते प्रश्न एकाच उत्तरात बसवले आहेत. वाचताना एक फरक लक्षात असू द्या. टायर, चेन, ब्रेक पॅड, बॅटरी हे भाग झिजण्यासाठीच असतात आणि त्यांची झीज किमतीतून वजा करता येते. चासी, गिअरबॉक्स, क्रँक किंवा कागद यांतली गडबड कितीही वजाबाकी केली तरी भरून निघत नाही.

प्रश्न : माझी उंची ५ फूट ३ इंच. एकजण म्हणतो सीटची उंची बघ, दुसरा म्हणतो सीसी बघ. आधी काय बघू?

उत्तर : आधी बसून बघा. माहितीपत्रकातला सीटच्या उंचीचा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. सीट पुढच्या बाजूला रुंद असली की मांड्या फाकतात आणि पाय जमिनीपासून वर राहतात. त्यामुळे ७८० मिलिमीटरची रुंद सीट ८०० मिलिमीटरच्या निमुळत्या सीटपेक्षा उंच वाटू शकते. शिवाय बसल्यावर शॉकॲब्सॉर्बर थोडे दबतात. माणूस वजनदार असेल तर जास्त. गाडी चालवताना जे बूट घालणार तेच घालून बसा. दोन्ही पायांचे चवडे टेकत असतील, किंवा थोडं सरकून एक पाय पूर्ण टेकत असेल, तर काम भागतं.

खरी परीक्षा वजनाची आहे. सरळ उभी असताना कुठलीही गाडी हलकीच वाटते, थोडी कलली की तिचं वजन कळतं. इंजिन बंद ठेवून चार गोष्टी करून बघा : साइड स्टँडवरून सरळ करा, बसल्या बसल्या पायाने मागे ढकला, हँडल धरून शेजारून चालत इंग्रजी आठचा आकडा काढा आणि डबल स्टँड असेल तर त्यावर चढवा. यातल्या एकाही वेळी ‘आता गेली’ असं वाटलं तर ती तुमची पहिली गाडी नाही. वजनाचा आकडा बघताना तो पेट्रोल-ऑइलसह आहे की कोरडा, हे तपासा. पेट्रोल लिटरला साधारण पाऊण किलो भरतं, म्हणजे १२ लिटरची टाकी भरली की ९ किलो वाढले, तेही वरच्या बाजूला.

सीसी त्यानंतर. १२५ ते २५० सीसीची एक सिलेंडरची गाडी शिकायला पुरते. ४०० सीसीची एक सिलेंडरची संथ गाडी आणि ४०० सीसीची चार सिलेंडरची रेसिंग धाटणीची गाडी यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, त्यामुळे नुसत्या सीसीवर जाऊ नका. आणखी एक : पहिली गाडी उभ्या उभ्या एकदा तरी पडतेच. प्लॅस्टिकच्या आवरणाची गाडी पडली की आवरण फुटतं, उघड्या इंजिनाच्या साध्या गाडीचा बहुतेक वेळा लिव्हर वाकतो, फार तर आरसा फुटतो.

प्रश्न : एक गाडी सहा वर्षांची, ८,००० किलोमीटर. दुसरी तितक्याच वर्षांची, ३८,००० किलोमीटर, पण सर्व्हिसिंगच्या पावत्या आहेत. कमी चाललेलीच घ्यायची ना?

उत्तर : आमचा कल पावत्यांकडे. कमी चाललेली गाडी दोन प्रकारची असते : एक, जपून ठेवलेली, दुसरी, नुसती पडून राहिलेली किंवा रोज दोन किलोमीटर जाऊन परत आलेली. दोन किलोमीटरमध्ये इंजिन पुरतं तापत नाही. जळणातून तयार झालेली वाफ आणि न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं आणि उडून जायला उष्णता मिळत नाही. सील वाळतात, टायरचं रबर म्हातारं होतं, ब्रेक ऑइल पाणी शोषतं. किलोमीटरचा काटा यातलं काही दाखवत नाही.

आणि काट्यावर विश्वास किती ठेवायचा, हेही आहेच. डिजिटल मीटरचा आकडाही बदलता येतो, मीटर अख्खाच बदलता येतो. म्हणून आकडा वाचायच्या आधी गाडी वाचा. मागच्या ब्रेकच्या पायडलवरच्या रबराच्या रेघा, फुटरेस्टचं रबर, हँडलच्या मुठी, सीटची पुढची कड, चावीच्या भोकाभोवतीचे ओरखडे. मीटर ८,००० म्हणतोय आणि पायडलचं रबर गुळगुळीत होऊन चकाकतंय, तर दोघांपैकी एक खोटं बोलतंय, आणि ते रबर नाही. डिस्क ब्रेक असेल तर डिस्कच्या बाहेरच्या कडेवर नख फिरवा. पॅड जिथे घासत नाहीत तिथे मूळ जाडीची उंच कड राहते. ती कड नखाला ठळक अडत असेल तर गाडी बरीच चालली आहे.

पावत्यांवर प्रत्येक वेळचा किलोमीटरचा आकडा असतो. ते आकडे तारखांबरोबर चढत गेले पाहिजेत. मध्येच एखादा उतरला तर मालकाला विचारा. आणि एक साधा प्रश्न : ‘शेवटचं ऑइल कधी बदललं आणि कोणतं टाकलं?’ गाडी सांभाळणारा माणूस याचं उत्तर विचार न करता देतो.

प्रश्न : गाडी बघायला येतो म्हटलं की मालक म्हणतो, ‘या, मी सुरू करून ठेवतो.’ बरंच झालं ना?

उत्तर : नाही. आदल्या दिवशीच सांगा, गाडी थंडच हवी. पोचल्यावर हाताची पाठ आधी इंजिनाजवळ आणि मग सायलेन्सरच्या पाइपजवळ न्या. ऊब लागली तर मुकाट्याने दुसरी वेळ मागून घ्या. थंड इंजिनात ऑइल घट्ट असतं, बॅटरीवर सर्वांत जास्त ताण येतो, पिस्टन आणि लायनर (सिलेंडरची आतली भिंत) यांतली फट सर्वांत मोठी असते. धातू तापून फुगला की फट कमी होते आणि अनेक आजार झाकले जातात. जुन्या गाडीची तब्येत पहिल्या दोन मिनिटांत जितकी कळते तितकी पुढच्या तासाभरात कळत नाही.

सुरू करायच्या आधी ऑइल बघा. गाडी सरळ उभी धरा, स्टँडवर कललेली नको. इंजिनावरच्या काचेच्या खिडकीत किंवा ऑइलच्या पट्टीवर पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. ऑइल काळं असणं हा दोष नाही, ते काळं होतंच. दुधाळ, फेसाळ ऑइल म्हणजे आत पाणी गेलंय. झाकणाच्या आतल्या बाजूला थोडा दुधी थर असेल तर तो जवळच्या फेऱ्यांमुळे साठलेला ओलावा असू शकतो. पण पाण्याने थंड होणाऱ्या गाडीत सगळं ऑइलच दुधाळ असेल तर हेड गॅस्केट (सिलेंडर आणि त्याच्या डोक्यामधली पट्टी) किंवा वॉटर पंपाचं सील गेलंय असं समजा.

आता चावी फिरवा, सुरू करू नका. मीटरमधले दिवे बघा : न्यूट्रलचा, इंजेक्शनच्या गाडीत इंजिनचा, असल्यास ऑइल प्रेशरचा आणि एबीएसचा (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा). हे सगळे पेटलेच पाहिजेत. इंजिन सुरू झाल्यावर इंजिनचा आणि ऑइलचा दिवा विझतो, एबीएसचा गाडी थोडी पुढे गेल्यावर विझतो. न विझणारा दिवा वाईटच, पण जो पेटतच नाही तो जास्त संशयाचा. बिघाड दाखवणारा दिवा काढून टाकला की ग्राहकाला बिघाड दिसत नाही!

मल्टीमीटर असेल तर बॅटरीच्या टोकांना लावा. काही तास विसावलेली, पूर्ण भरलेली १२ व्होल्टची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. सेल्फ मारताना आकडा खाली येतो. तो १० च्या बराच खाली गेला तर बॅटरी संपत आली आहे. इंजिन सुरू करून मिनिटाला ४,००० फेऱ्यांच्या आसपास रेस दिल्यावर १३.५ ते १४.८ यांच्या मध्ये कुठेतरी दिसलं पाहिजे. तेरा ओलांडत नसेल तर चार्जिंग होत नाही. पंधराच्या वर जात असेल तर रेग्युलेटर (चार्जिंगचा व्होल्टेज आवरणारा भाग) गेलाय आणि नवी बॅटरीही तो उकळून टाकेल.

धूर बघायला सायलेन्सरच्या तोंडामागे पांढरं फडकं धरा. सुरू करताक्षणी निळसर धुराचा एक लोट आणि मग साफ, तर व्हॉल्व्हची सीलं वाळली आहेत. रात्रभर ऑइल त्यांतून थेंब थेंब खाली उतरलं. रेस दिल्यावर सतत निळा धूर येत राहिला तर पिस्टन-रिंग झिजल्या. गाडी ऑइल पिते आहे. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. एअर फिल्टर तुंबलाय किंवा चोक अडकलाय, आणि हे बहुतेक वेळा स्वस्तात सुटतं. थंड हवेत पांढरी वाफ निघून पाच मिनिटांत थांबली तर काळजी नको. (टू-स्ट्रोक गाडीला हे निळ्या धुराचे नियम लावू नका, ती ऑइल जाळतच चालते.)

आवाजाचं नवख्याला अवघड जातं, पण तीन आवाज ओळखता येतात. इंजिनाच्या वरच्या भागातून शिलाई मशीनसारखी बारीक टकटक येते ती टॅपेटची (व्हॉल्व्ह दाबणारे भाग, त्यांत थोडी फट ठेवलेली असते), ती परवडली. टॅपेट अगदी गप्प असतील आणि गाडी गरम झाल्यावर सुरू व्हायला कुरकुरत असेल, तर फट उरलेली नाही, व्हॉल्व्ह पुरता बसत नाही आणि त्याची उष्णता बाहेर न पडल्याने तो जळू लागतो. दुसरा, बाजूच्या भागातून साखळी हलल्यासारखी खळखळ : टायमिंग चेन (इंजिनाच्या आतली, व्हॉल्व्ह चालवणारी) किंवा तिला ताणून धरणारा टेन्शनर. खर्च आहे, पण होण्यासारखं काम आहे. तिसरा, खालून येणारा जड ठोक, रेस दिली की वाढणारा. तो क्रँकचा. तो ऐकला की हेल्मेट उचला.

इंजिन दहा मिनिटं तसंच चालू द्या. रेडिएटरची गाडी असेल तर पंखा आपोआप लागतो का बघा. मग बंद करून लगेच पुन्हा सुरू करा.

प्रश्न : मला अजून नीट चालवता येत नाही. टेस्ट राइड कशी घेऊ?

उत्तर : तुम्ही घेऊ नका. परवाना असलेल्या, रोज चालवणाऱ्या माणसाला बरोबर न्या. विमा चालू आहे का हे आधीच विचारा. त्याला पंधरा-वीस मिनिटं चालवू द्या आणि परतल्यावर नुसतं ‘कशी आहे?’ विचारू नका, नेमकं विचारा. चौथ्या गिअरमध्ये कमी वेगात एकदम ॲक्सिलरेटर दिल्यावर इंजिनाचा आवाज चढला पण वेग चढला नाही, असं झालं का? झालं असेल तर क्लच स्लिप होतोय. दुसऱ्या गिअरमध्ये जोर देऊन सोडल्यावर गिअर सुटला का? सुटला असेल तर गिअरची टोकं गोल झाली आहेत आणि ती बदलायला इंजिन उघडावं लागतं. अशी गाडी सोडा. पुढचा ब्रेक हळू दाबत नेताना लिव्हर बोटांखाली धडधडतो का? धडधडत असेल तर डिस्क आऊट, म्हणजे वाकडी झालेली, आहे. सरळ रस्त्यावर मुठी सैल धरल्यावर गाडी एका बाजूला ओढते का?

उरलेलं तुम्ही उभ्या गाडीवर करू शकता, आणि ते जास्त सांगून जातं. गाडी डबल स्टँडवर घ्या, मागून एकाला दाबून धरायला सांगा म्हणजे पुढचं चाक अधांतरी येईल. आता हँडलचं टोक दोन बोटांनी धरा, डोळे मिटा आणि डावीकडून उजवीकडे अगदी सावकाश फिरवा. हँडल लोण्यासारखं फिरलं पाहिजे. अगदी मध्यावर, चाक सरळ असताना, एखाद्या खाचेत बसल्यासारखं ‘टक’ झालं तर बॉल रेसरमध्ये (हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगमध्ये) गोळ्यांनी खड्डे पाडले आहेत. अशी गाडी सरळ रस्त्यावर सारखी हँडल दुरुस्त करायला लावते आणि नवख्याला वाटतं आपल्यालाच चालवता येत नाही. नंतर फोर्कची (पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्यांची) खालची टोकं धरून पुढे-मागे हलवा. खटखट झाली तर बॉल रेसर ढिला आहे.

मागचं चाक वरून आणि खालून धरून आडवं हलवा; प्ले जाणवला तर चाकाचं बेअरिंग किंवा स्विंगआर्मचे (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचे) बुश झिजले आहेत. पुढचा ब्रेक दाबून हँडलवर तीन-चारदा जोराने भार द्या आणि मग फोर्कच्या चकचकीत नळीवर बोट फिरवा. तेलाचं कडं दिसलं तर ऑइल सील गेलंय. सील बदलणं मोठं काम नाही. पण त्याच नळीवर गंजाचे खड्डे असतील तर नवं सीलही ते कापतील, नळीच बदलावी लागेल.

प्रश्न : मालक म्हणतो, ‘टायर अजून खूप आहेत, चेन फक्त जरा ढिली आहे.’ खरं कसं ओळखायचं?

उत्तर : टायरच्या बाजूच्या भिंतीवर लंबगोलात चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर २००० सालाआधीचा. तसा टायर असलेली गाडी ढकलतच न्या. खाच भरपूर असूनही टायर सहा-सात वर्षांचा असेल आणि बाजूला बारीक भेगा असतील तर बदलायचा, कारण कडक रबर ओल्या रस्त्यावर धरत नाही. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला की संपला. पुढचा आणि मागचा, दोन्हींची तारीख वाचा. पुष्कळदा मागचा नवा आणि पुढचा मूळचाच असतो.

चेनचं असं : मागच्या स्प्रॉकेटच्या (चेन ज्यावर बसते त्या दातेरी चक्राच्या) अगदी मागच्या टोकाला चेनची एक कडी चिमटीत धरा आणि सरळ मागे ओढा. चेन दातावर घट्ट बसून राहिली तर ठीक. खालचा अर्धा दात उघडा दिसला तर चेन लांबलेली आहे, आवळून काही होणार नाही. स्प्रॉकेटचे दात एका बाजूला वाकून लाटेसारखे झाले असतील तर तेही गेले. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्रच बदलायची. जुन्या दातांवर नवी चेन टाकली तर ती काही महिन्यांत जुन्यासारखी होते. चाक फिरवत चेनचा ढिलेपणा पाच-सहा जागी मोजा. एका जागी ताठ आणि दुसरीकडे लोंबती असेल तर ती एकसारखी झिजलेली नाही, अशी चेन समायोजित करता येत नाही. ढिलेपणा बहुतेक साध्या गाड्यांना २० ते ३५ मिलिमीटर ठेवतात. नेमका आकडा बऱ्याचदा स्विंगआर्मवरच्या स्टिकरवर छापलेला असतो. विक्रीआधी चेन तारेसारखी ताणून ठेवलेली दिसली तर तेही बरं नाही, त्याने गिअरबॉक्सच्या शाफ्टचं बेअरिंग खराब होतं.

ब्रेक : डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, ती व्हर्निअर कॅलिपरने (जाडी मोजायच्या पट्टीने) मोजता येते. ड्रम ब्रेक असेल तर चाकाजवळच्या आर्मवर एक बाण आणि प्लेटवर खूण असते. पायडल पूर्ण दाबल्यावर बाण खुणेपर्यंत पोचला की आतले शू संपले. ब्रेक ऑइल डबीच्या काचेतून फिकट पिवळं दिसायला हवं. चहासारखं तपकिरी असेल तर अनेक वर्षं कोणी हात लावलेला नाही. डीओटी ४ प्रतीचं ताजं ब्रेक ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं, पाणी शोषलेल्या ऑइलची हमी १५५ पर्यंतच असते. उतारावर सतत ब्रेक लावताना हा फरक हाताला कळतो, लिव्हर मऊ होत जातो. दर दोन वर्षांनी ते बदलायचं असतं.

हे सगळं कागदावर लिहून घ्या : दोन टायर, चेन-स्प्रॉकेट, पॅड, बॅटरी. गॅरेजमधून मजुरीसह खर्च विचारून घ्या आणि बोलणी त्या कागदावरून करा. ‘थोडं कमी करा ना’ याला मालकाकडे उत्तर तयार असतं, यादीला सहसा नसतं.

प्रश्न : गाडीवर ओरखडे आहेत. अपघात झालेला आहे की नुसती पडलेली?

उत्तर : ओरखड्यांची जागा बघा. एकाच बाजूला हँडलचं टोक, लिव्हरचं टोक, फुटरेस्टचं टोक आणि इंजिनाच्या आवरणाचा फुगीर भाग घासलेला असेल, ओरखडे आखूड असतील, तर गाडी उभ्या उभ्या पडली. त्याची किंमत कमी करून घ्या आणि विसरा. लांब, एकाच दिशेने गेलेले ओरखडे म्हणजे ती रस्त्यावरून घसरत गेली.

समोरून धडक बसलेली ओळखायला स्टिअरिंगच्या थांब्यांकडे जा. हँडल पूर्ण डावीकडे किंवा उजवीकडे वळलं की ते जिथे अडतं तो धातूचा छोटा कान चासीवर असतो. तो चेपलेला, तुटलेला किंवा नव्याने वेल्डिंग केलेला असेल तर गाडी सोडा. चासीच्या डोक्याजवळ, जिथे नळ्या जोडल्या आहेत तिथे टॉर्च मारा. रंगाला केसासारख्या भेगा, किंवा सगळी गाडी जुनी आणि तेवढाच भाग ताज्या रंगाचा असेल तर त्याचं कारण शोधा. नंतर दहा पावलं मागे जाऊन उकिडवे बसा आणि मागच्या टायरच्या रेषेत पुढचा टायर बघा. जास्त अचूक हवं तर मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंनी ताणलेला दोरा पुढे आणा. दोन्ही टायर सारख्याच रुंदीचे नसतात, त्यामुळे पुढच्या टायरपासून दोन्ही दोऱ्यांचं अंतर सारखं आहे का, एवढंच मोजा.

प्रश्न : दोन वर्षं बंद असलेली गाडी अगदी कमी किमतीत मिळतेय. ‘फक्त बॅटरी बदलायची आहे’ असं मालक म्हणतो.

उत्तर : तेवढंच असतं तर बॅटरी बदलून, चालू गाडी म्हणून त्याने जास्त पैशांना विकली असती. बंद गाडीची किंमत बंद गाडीचीच द्या. टाकीचं झाकण उघडून टॉर्चने आत बघा. तांबूस गंज असेल तर तो टाकीपुरता राहत नाही, पुढे इंजेक्टर किंवा कार्ब्युरेटरपर्यंत जातो. शिळ्या पेट्रोलला वार्निशसारखा वास येतो. ते पूर्ण काढून टाकायचं. ताजं त्यात मिसळून चालत नाही. कार्ब्युरेटर असेल तर त्यातले जेट (पेट्रोल सोडणारी बारीक भोकं) बुजलेले असणारच.

सेल्फ मारायची घाई करू नका. प्लग काढा, भोकातून चमचाभर इंजिन ऑइल आत सोडा, थोडा वेळ जाऊ द्या. वरच्या गिअरमध्ये टाकून मागचं चाक हाताने फिरवा. पिस्टन हलतो का कळेल. अजिबात हलत नसेल तर इंजिन जाम आहे आणि व्यवहार तिथेच संपला. हलत असेल तर नवं ऑइल, नवा प्लग, नवी बॅटरी, आणि एअर फिल्टरचा डबा उघडून बघा. त्यात उंदराचं घरटं निघणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. पहिल्यांदा गाडी शिकणाऱ्याने मात्र हा खेळ शक्यतो टाळावा. दर आठवड्याला नवीन काहीतरी निघत असेल तर गाडी चालवणं शिकायचं राहूनच जातं.

प्रश्न : कागद बघताना काय चुकतं?

उत्तर : लोक नंबर प्लेट जुळवतात आणि थांबतात. चासीवरचा नंबर स्वतः वाचा. तो बहुधा हँडलच्या खाली, चासीच्या डोक्यावर कोरलेला असतो. इंजिनावरचा नंबर वेगळा. दोन्ही कागदाशी अक्षर न् अक्षर जुळले पाहिजेत. आजच्या चासी नंबरात १७ अक्षरं-आकडे असतात आणि इंग्रजी आय, ओ, क्यू ही अक्षरं त्यात वापरत नाहीत. नंबरावर कानस फिरवल्यासारखी चकाकी, किंवा एक-दोन अक्षरंच वेगळ्या ठशाची असतील तर पुढे बोलू नका. कर्जाचा बोजा आहे का, दंड बाकी आहेत का, कागदावरचा मालक आणि समोरचा माणूस एकच का, हे पैसे देण्याआधी पक्कं करा. आणि दुसरी चावी मागा. इमोबिलायझरच्या (ओळखीच्या चावीशिवाय सुरू न होणाऱ्या) गाडीत एकच चावी असेल तर हरवल्यावरचा खर्च बॅटरीपेक्षा जास्त होऊ शकतो.

प्रश्न : गाडीबरोबर मालक हेल्मेट फुकट देतोय. घ्यावं का?

उत्तर : नको. आतला फोम एकदाच दबतो आणि बाहेरून ते दिसत नाही. गाडीच्या बजेटमधला पाचवा हिस्सा आधीच बाजूला काढून त्यातून नवं हेल्मेट, हातमोजे आणि पहिली सर्व्हिसिंग करा.

प्रश्न : मोठ्या आवाजाचा सायलेन्सर आणि खूप ‘काम’ केलेली गाडी कशी?

उत्तर : मूळ सायलेन्सर मालकाकडे आहे का, विचारा. नसेल तर तो खर्च धरा. सीट उचलून वायरिंग बघा. टेप गुंडाळून पिळलेल्या जोडण्या जितक्या जास्त, तितका रात्री रस्त्यावर थांबण्याचा संभव जास्त. एकूणच, पहिली गाडी कंपनीतून आली तशी असलेली बरी; बिघडली तर कोणत्याही मेकॅनिकला ती कळते.

प्रश्न : जुनी गाडी घेतली, क्लच उत्तम होता. मी स्वतः नवं, महागातलं ऑइल टाकलं आणि चार दिवसांत क्लच स्लिप व्हायला लागला. फसवलं का मला?

उत्तर : बहुधा नाही. डबा काढून मागची बाजू वाचा. ते कारचं ऑइल असण्याची शक्यता मोठी आहे. बहुतेक मोटारसायकलींत क्लचच्या प्लेटा इंजिनाच्याच ऑइलमध्ये बुडलेल्या असतात. कारच्या अनेक ऑइलांत घर्षण कमी करणारी द्रव्यं घातलेली असतात. कारचा क्लच कोरडा असल्याने तिथे ती चालतात, इथे प्लेटाच एकमेकींवरून घसरतात. मोटारसायकलसाठी डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ (जासो हे जपानी मानक) लिहिलेलं हवं. ‘एमबी’ लिहिलेलं ऑइल कोरड्या क्लचच्या स्कूटरसाठी असतं, ते टाकू नका.

पण ऑइल काढण्याआधी एक मिनिटाचं काम करा. क्लचच्या लिव्हरचं टोक बोटाने हलवा. केबलच्या बहुतेक गाड्यांत जोर लागायच्या आधी टोकाशी १० ते २० मिलिमीटर मोकळी हालचाल हवी. ती शून्य असेल तर केबल क्लचला सतत थोडा दाबून ठेवते आहे आणि दोष ऑइलचा नाहीच. केबल ढिली करा, पुन्हा चालवून बघा.

तरीही स्लिप होत असेल तर इंजिन गरम असताना ऑइल पूर्ण काढा, फिल्टर बदला, योग्य प्रतीचं ऑइल टाका. किती टाकायचं ते गाडीच्या पुस्तकातून घ्या. फिल्टर बदलल्यावर थोडं जास्त लागतं आणि पातळी गाडी सरळ उभी करूनच बघायची. पहिल्यांदा काढल्यावरही थोडं जुनं ऑइल आत उरतं, म्हणून दोन-तीनशे किलोमीटरनंतर आणखी एकदा बदला. तेवढ्याने क्लच पुष्कळदा पूर्ववत होतो. न झाल्यास प्लेटा काढून बघा. काचेसारख्या चमकत असतील किंवा जळकट वास येत असेल तर त्या बदला, आणि नव्या प्लेटा बसवण्याआधी त्याच योग्य ऑइलमध्ये काही तास बुडवून ठेवा.